क्लबच्या गोल्फ स्पर्धेत नियमांचं काम पहिल्यांदाच तुमच्याकडे आलं असेल, तर…

पावसाळा सरला की आपल्याकडे क्लबांच्या स्पर्धा सुरू होतात. स्मृतिचषक, कंपन्यांच्या स्पर्धा, दोन क्लबांमधल्या लढती. मार्चपर्यंत मोकळा रविवार मिळत नाही. अशाच एखाद्या स्पर्धेच्या बैठकीत कॅप्टन तुमच्याकडे वळून म्हणतात, "नियमांचं जरा तुम्ही बघा." तुम्ही काही वर्षं खेळताय, हँडिकॅप (खेळाच्या पातळीनुसार मिळणारी शॉटची सूट) आहे, ओबी म्हणजे बॉल हद्दीबाहेर जाणं हे कळतं, पण दुसऱ्याला पेनल्टी सांगायची वेळ कधी आलेली नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे.

गोल्फमध्ये प्रत्येकाच्या मागे पंच नसतो. शंभरएक खेळाडू अठरा होलवर पसरलेले असतात आणि नियम सांगणारी माणसं दोन किंवा तीन. नियमावलीनेही हे गृहीत धरलंय. नियम १.३ प्रमाणे नियम पाळण्याची आणि स्वतःची पेनल्टी स्वतः मोजण्याची जबाबदारी खेळाडूचीच आहे. मग तुम्ही तिथे कशासाठी? जो खेळाडू त्या होलवर हजर नाही, त्याच्या बाजूने उभं राहण्यासाठी. सातव्या होलवर तिघांनी चौथ्याला "असू दे रे, उचल बॉल" म्हटलं, तर ती सूट त्या तिघांच्या खिशातून जात नाही. चौदाव्या होलवर तीन फुटांचा पट (होलजवळून बॉल आत ढकलण्याचा हलका शॉट) वाकून, नीट वाचून पूर्ण करणाऱ्या माणसाकडून ती घेतलेली असते आणि त्याला ते कळतही नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १ : पुस्तक नवं हवं

क्लबच्या कपाटात जुनी नियमपुस्तिका असते. ती तिथेच राहू द्या. ब्रिटनची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून नियम ठरवतात आणि भारतात इंडियन गोल्फ युनियन तेच नियम मानते. २०१९ साली नियम मुळापासून बदलले, ३४ चे २४ झाले. २०२३ मध्ये पुन्हा सुधारणा झाल्या आणि अपंग खेळाडूंसाठीच्या तरतुदींचा २५वा नियम जोडला गेला. क्लबमधले बरेच वाद जुन्या नियमांच्या आठवणीतून होतात. बॉल शोधायला पाच मिनिटं होती, आता तीनच आहेत. ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं) खांद्याच्या उंचीवरून होता, आता गुडघ्याच्या. ज्येष्ठ सदस्य ठामपणे "पाच मिनिटं असतात" म्हणतील. त्यांचा मान राखून पुस्तक उघडून दाखवा.

आर अँड एचं नियमांचं मोफत अ‍ॅप फोनवर घ्या. सगळं पाठ करायची गरज नाही. नियम १, ३ आणि ५ मध्ये वर्तन, स्कोअरकार्ड आणि वेळ आहे; १४ ते १९ मध्ये ड्रॉप आणि रिलीफ (अडचणीतून बॉल हलवण्याची मुभा); २० मध्ये निर्णय कसा घ्यायचा ते. एवढं दोनदा वाचा. बाकीचं कुठे सापडेल हे माहीत असलं की पुरे.

पायरी २ : कोर्स पायी फिरा

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, कार्टमधून न जाता, चालत. सोबत हेड माळी आणि खुंट्यांची पिशवी.

आपले कोर्स शहराने वेढलेले आहेत. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी असो की येरवड्याचा पुण्याचा कोर्स, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे लगेच वस्ती किंवा रस्ता. त्यामुळे हद्दीचा प्रश्न रोज येतो. पांढऱ्या खुंट्या असतील तर हद्द कुठे धरायची? जमिनीलगत, खुंट्यांच्या कोर्सकडच्या बाजूला जोडणारी सरळ रेघ. त्या रेघेबाहेर पूर्ण बॉल गेला तरच ओबी. काही ठिकाणी माळ्याने गवत कापताना खुंटी काढलेली असते आणि पुन्हा लावताना हातभर सरकते. त्या हातभराने एखाद्याचे दोन शॉट जातात. अंतर फार असेल तर मध्ये नवी खुंटी रोवा. एका खुंटीपाशी उभं राहिल्यावर पुढची स्पष्ट दिसली पाहिजे.

पांढरी खुंटी आणि हद्दीची भिंत या हद्दीच्या वस्तू आहेत. त्यांच्यापासून फुकट रिलीफ नाही. स्विंगमध्ये येते म्हणून पांढरी खुंटी उपटली आणि परत न लावता शॉट मारला, तर दोन शॉटची पेनल्टी. पेनल्टी एरियाची (पाणी वगैरे असलेल्या जागेची) लाल किंवा पिवळी खुंटी मात्र सहज निघत असेल तर काढता येते. नव्या खेळाडूंचा इथे हमखास गोंधळ उडतो, म्हणून सकाळच्या सूचनांत हे सांगाच.

पावसाने खचलेली जागा, नव्याने खोदलेला चर, पाइप दुरुस्तीचा खड्डा, हे सगळं रंगाने रेघ मारून 'दुरुस्तीखालची जमीन' म्हणून दाखवा. रेघ मारलेली नसली की प्रत्येक चौकडी आपापली रेघ मनात मारते.

पायरी ३ : एका पानाचा कागद

स्थानिक नियम एका पानावर, मोठ्या अक्षरांत. मराठीत किंवा हिंदीतही काढा, कारण तो बॅग उचलणाऱ्या कॅड्यांनीही वाचायचा आहे.

पहिला मुद्दा प्लेसिंगचा, म्हणजे बॉल उचलून जवळच चांगल्या जागी ठेवण्याच्या सवलतीचा. "आज प्लेसिंग आहे का?" हा प्रश्न पहिल्या टीवर (होल सुरू करायच्या जागेवर) दहा जण विचारतात आणि उत्तर तोंडी दिलं की दहाव्या होलपर्यंत त्याची दहा रूपं होतात. कागदावर लिहा: कुठे (फक्त फेअरवेच्या उंचीपर्यंत कापलेल्या भागात की सगळीकडे), किती (सहा इंच, एक स्कोअरकार्ड की एका क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, लांबी), किती वेळा (एकदाच) आणि होलच्या जवळ जाऊन नाही. शक्यतो फेअरवेपुरतंच ठेवा. रफमध्येही (कडेच्या उंच गवतात) प्लेसिंग दिलं की सरळ मारणाऱ्याचा फायदा संपतो.

दुसरा मुद्दा हरवलेल्या किंवा ओबी गेलेल्या बॉलचा. मूळ नियमात मागे जाऊन पुन्हा मारायचं असतं. क्लबच्या खेळासाठी समितीला एक आदर्श स्थानिक नियम लावता येतो: बॉल जिथे गेला त्याच्या अंदाजे जागेपासून फेअरवेच्या कडेला येऊन दोन शॉट पेनल्टीसह ड्रॉप. यामुळे वेळ वाचतो. मोठ्या पातळीच्या स्पर्धांसाठी तो सुचवलेला नाही. तुमची स्पर्धा कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवा आणि काय निवडलं ते लिहा. न लिहिलेला स्थानिक नियम अस्तित्वातच नसतो.

तिसरा मुद्दा वर्तनाचा. शिवीगाळ, क्लब फेकणं, ग्रीन मुद्दाम खराब करणं यासाठी वर्तनसंहिता आधी जाहीर केली नसेल, तर समितीच्या हाती एकच शस्त्र उरतं: गंभीर गैरवर्तनासाठी थेट बाद. ते इतकं जड आहे की कुणी उचलत नाही, आणि काहीच होत नाही. संहितेत पायऱ्या ठेवता येतात. पहिल्या वेळी ताकीद, मग एक शॉट, मग दोन शॉट, मग बाद. नियम १.२ ने समितीला हा अधिकार दिला आहे, तो वापरा.

कागदावर आणखी दोन ओळी हव्यात. बरोबरी झाल्यास विजेता कसा ठरवणार, ही एक. शॉटगन स्टार्ट (सगळ्या चौकड्या एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू) असेल तर प्रत्येक चौकडीचा शेवट वेगळ्या होलवर होतो, म्हणून 'शेवटचे नऊ' म्हणजे दहा ते अठरा हे होल, असं स्पष्ट लिहा. आणि स्ट्रोक प्ले (एकूण शॉट मोजण्याचा खेळ) असेल तर ठळक अक्षरांत: प्रत्येक पट होलमध्ये गेलाच पाहिजे. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याच्या लढतीत) समोरच्याला पट सोडता येतो. स्ट्रोक प्लेमध्ये तो अधिकार कुणालाच नाही. पट पूर्ण न करता पुढच्या टीवरून शॉट मारला, तर खेळाडू बाद. रविवारच्या मैत्रीच्या खेळात 'गिमी' (सोडून दिलेला पट) अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे चांगल्या मनाची माणसंही इथे अडकतात. वेळ कमी असेल तर स्टेबलफोर्ड (दर होलला गुण देणारी पद्धत) ठेवा. त्यात गुण मिळण्याची आशा संपली की बॉल उचलता येतो.

पायरी ४ : हँडिकॅप तपासा

याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. स्थानिक गोल्फमधला सगळ्यात मोठा अन्याय इथे होतो आणि तो कोर्सवर दिसत नाही.

२०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू होत गेली. शेवटच्या २० राउंडपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी म्हणजे खेळाडूचा इंडेक्स. कमाल ५४. इंडेक्सवरून त्या कोर्सचा हँडिकॅप काढतात: इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, त्यात कोर्स रेटिंग वजा पार हा फरक मिळवायचा. स्लोप आणि रेटिंग हे कोर्स किती कठीण ते सांगणारे आकडे, पार म्हणजे अपेक्षित शॉट. समजा इंडेक्स १८, स्लोप १२५, रेटिंग ७१.२ आणि पार ७२. उत्तर येतं १९.१, म्हणजे १९. वैयक्तिक स्ट्रोक प्लेसाठी त्याचे ९५ टक्के धरण्याची शिफारस आहे, म्हणून स्पर्धेचा हँडिकॅप १८. हा आकडा काढणं समितीचं काम आहे. २०२३ पासून खेळाडूला तो कार्डावर लिहिण्याची सक्ती नाही.

आता गैरप्रकार. काही जण चांगले राउंड नोंदवत नाहीत, वाईट झालेले तेवढे आवर्जून नोंदवतात. इंडेक्स फुगतो आणि चषकाच्या दिवशी अठराचा माणूस अकरासारखा खेळतो. दोष कुणा एकावर ढकलून उपयोग नाही. समितीने नोंदी पाहिल्या नाहीत, तर पद्धतीला तरी कसं कळणार? पद्धतीत काही बांध आहेत. वर्षभरातल्या सर्वात कमी इंडेक्सपेक्षा नवा इंडेक्स ५ हून जास्त वाढत नाही. एखादा राउंड इंडेक्सपेक्षा ७ शॉटने चांगला झाला तर इंडेक्स आपोआप १ ने उतरतो, १० ने झाला तर २ ने. पण न नोंदवलेल्या राउंडवर कुठलंच सूत्र चालत नाही.

म्हणून प्रवेश बंद झाल्यावर यादी घेऊन बसा. गेल्या सहा महिन्यांत ज्याचे राउंड टी-शीटवर (कोण कधी खेळलं त्या यादीत) दिसतात पण स्कोअर नाहीत, त्याला आधीच फोन करा. आवाजात आरोप नको. "सर, तुमचे काही राउंड नोंदवायचे राहिलेत, तेवढे पाठवता का?" एवढंच. बहुतेक जण पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांचा विषय हँडिकॅप समितीपुढे न्या. इंडेक्स बदलण्याचा अधिकार तिला आहे. बाहेरच्या क्लबचे पाहुणे असतील तर त्यांच्या क्लबकडून इंडेक्स मागवा, तोंडी सांगितलेला धरू नका. आणि बक्षीस वाटून झाल्यावर कुजबुज करण्यापेक्षा हे काम आठवडाभर आधी करण्यातच त्या खेळाडूची अब्रू राहते.

पायरी ५ : पहिली टी

सकाळी सहा-साडेसहाला टीवर जो माणूस उभा असतो, त्याच्यावर पुढच्या पाच तासांचा सूर ठरतो. ओरडू नका, घाई करू नका. प्रत्येक चौकडीला कागद द्या, कार्डं एकमेकांना द्यायला लावा आणि तीन गोष्टी विचारा: बॅगेत क्लब १४ किंवा कमी आहेत ना, बॉलवर खूण केली ना, आणि प्रोव्हिजनल (पहिला बॉल हरवल्याची किंवा ओबी गेल्याची शंका असताना मारलेला जादा बॉल) मारताना तसं बोलून सांगणार ना. "प्रोव्हिजनल मारतोय" हे म्हटलं नाही, तर दुसरा बॉलच खेळातला बॉल होतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही.

चौदाहून जास्त क्लब निघाले तर ज्या होलवर चूक झाली त्या प्रत्येकी दोन शॉट, राउंडमध्ये जास्तीत जास्त चार. टीवर विचारलेला एक प्रश्न हे वाचवतो.

उशीर हा नाजूक विषय. टी-टाइमनंतर पाच मिनिटांच्या आत आला तर पहिल्या होलवर दोन शॉट, त्यानंतर आला तर बाद. अपवाद फक्त असामान्य परिस्थितीचा. रस्त्यात अपघात झाला आणि खेळाडू जखमीला मदत करत थांबला, तर समिती सूट देऊ शकते. वाहतूक कोंडी, रस्ता चुकणं, गाडी बंद पडणं यांना सूट नाही. हे नियमांच्या अधिकृत स्पष्टीकरणातच आहे. सायन-पनवेल रस्त्यावरची किंवा येरवड्याच्या पुलावरची कोंडी सगळ्यांनाच माहीत असते. जो वेळेत आला तो त्याच कोंडीतून आला आहे.

पायरी ६ : आगेवाले आणि कॅडी

नियमांच्या परदेशी पुस्तिकेत हा विषय आपल्या कोर्सवर दिसतो तसा सापडत नाही, म्हणून नीट समजून घ्या. आपल्याकडे अनेक क्लबांत बॅग उचलणाऱ्या कॅडीशिवाय पुढे उभा राहून बॉल कुठे पडला ते पाहणारा आगेवाला असतो. तो कुणाचा माणूस, हे आधी ठरवा.

क्लबने आपल्या खर्चाने होलवर उभे केलेले आगेवाले खेळाडूच्या दृष्टीने बाहेरचे. त्यांच्या पायाने बॉल हलला तर पेनल्टी नाही, मूळ जागी ठेवून खेळायचं. खेळाडूने स्वतः सोबत आणलेला माणूस क्लब हाताळत असेल किंवा "सर, सहा नंबर घ्या, डावीकडे ठेवा" असा सल्ला देत असेल, तर तो कॅडी झाला. आणि नियम १०.३ प्रमाणे खेळाडूला एका वेळी एकच कॅडी ठेवता येतो. बॅगवाला एक आणि सल्ला देणारा दुसरा, म्हणजे पेनल्टी. त्यामुळे कागदावर लिहा: आगेवाला बॉल दाखवेल, सल्ला देणार नाही, बॉलला हात-पाय लावणार नाही.

बॉल शोधताना चुकून हलला तर काही बिघडत नाही, परत जागेवर ठेवा. झुडपाखालचा बॉल पायाने मोकळ्यात आणणं ही वेगळी गोष्ट. खेळाडूच्या कॅडीने मुद्दाम हलवला तर एक शॉट आणि बॉल मूळ जागी. तसाच नव्या जागेवरून खेळला तर एकूण दोन शॉट. खेळाडूला माहीत असून तो गप्प राहिला, तर नियम १.३ इथेही लागतो: आपल्यासाठी कुणी नियम मोडतोय हे दिसत असताना न थांबवणं म्हणजे स्वतःच मोडणं. हे वारंवार, ठरवून होत असेल, तर विषय शॉटचा राहत नाही. ते गंभीर गैरवर्तन आहे आणि त्याला बाद करणं हेच उत्तर.

पण कॅडीकडे पाहताना एक भान ठेवा. त्याचं दिवसाचं उत्पन्न खेळाडूच्या खुशीवर अवलंबून असतं. पाय लावणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवसापासून गेटवर बंदी आणि ज्याच्यासाठी लावला तो सदस्य बारमध्ये, असं कुठल्याही क्लबने होऊ देऊ नये. सकाळी सगळ्या कॅड्यांना एकत्र करा, कॅडीमास्टरला शेजारी उभं करा आणि त्यांच्या भाषेत सांगा: "आज बॉलला कुणी हात लावायचा नाही. कुणी लावायला सांगितलं तर माझं नाव सांगा. तुमची मजुरी क्लब देणार, कुणी कापणार नाही." हे शेवटचं वाक्य खरं असेल याची तजवीज सचिवांकडून आधी करून घ्या. भारतातले कितीतरी व्यावसायिक खेळाडू कॅडी म्हणूनच या खेळात आले. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता, आणि ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. त्या ओळीतल्या मुलांना नियम नीट शिकवणं हे क्लबचं काम आहे.

पायरी ७ : निर्णय देताना

फोन येतो: "अकरावर या, वाद झालाय." जा, पण पोचताच पुस्तक उघडू नका. आधी घटना काय ती कळू द्या. बॉल कुठे होता? कुणी पाहिला? त्यानंतर काय काय केलं? आता कुठे आहे? खेळाडूला बोलू द्या, मग मार्करला (त्याचं कार्ड लिहिणाऱ्याला), मग गरज असेल तर कॅडीला. प्रत्येकाला एकेकट्याने विचारलं तर बरं. मग जे कळलं ते त्यांच्यासमोर पुन्हा सांगा: "म्हणजे बॉल भिंतीपासून दोन फुटांवर होता, तुम्ही उचलला नाही, बरोबर?" होकार आला की नियम काढा, वाचून दाखवा, निर्णय द्या आणि बाजूला व्हा. खेळाडूने बॉल ड्रॉप करून खेळेपर्यंत थांबा, कारण चूक बऱ्याचदा ड्रॉपमध्येच होते.

निर्णय सांगताना 'मला वाटतं' नको आणि 'खरं तर मीही सोडलं असतं' हे तर मुळीच नको. शांत आवाज, एक वाक्य.

उत्तर माहीत नसेल तर? स्ट्रोक प्लेमध्ये यासाठी सुंदर सोय आहे आणि दोन रेफरींच्या स्पर्धेला ती तारून नेते. नियम २०.१ प्रमाणे संभ्रमात पडलेला खेळाडू तो होल दोन बॉलनी पूर्ण करू शकतो. अट अशी की पुढचा शॉट मारण्याआधी ठरवायचं, मार्करला सांगायचं आणि कुठला बॉल धरायचा आहे तेही जाहीर करायचं. दोन्हींचा स्कोअर वेगवेगळा लिहायचा आणि कार्ड देण्याआधी समितीला सगळं सांगायचं. दोन्ही बॉलचा स्कोअर सारखा आला तरी सांगायचंच, नाहीतर बाद. उदाहरणार्थ, बॉल कार्टच्या सिमेंटच्या रस्त्यावर आहे आणि तो रस्ता कृत्रिम अडथळा धरायचा की कोर्सचाच भाग, हे कागदावर नाही. एक बॉल फुकट रिलीफ घेऊन खेळा, दुसरा रस्त्यावरून, आणि समितीला संध्याकाळी ठरवू द्या. मॅच प्लेमध्ये ही सोय नाही. तिथे दोघे आपापसात ठरवू शकतात किंवा वेळेत निर्णय मागून ठेवतात.

आता 'जाऊ द्या हो'बद्दल. खेळाडूंनी एखादा नियम लागू आहे हे माहीत असताना तो न लावायचं आपसात ठरवलं, तर तसं ठरवणारे सगळे बाद. हे फार कमी जणांना माहीत असतं. नियम माहीतच नव्हता तर हा आरोप बसत नाही. म्हणून चौकडीतल्या कुणी पेनल्टी दाखवून दिली तर तो भांडकुदळ नव्हे, तो सगळ्यांना वाचवतोय, हे सकाळी सगळ्यांसमोर म्हणा. नव्या, तरुण किंवा एकट्या पडलेल्या बाई खेळाडूला हे शब्द समितीकडून ऐकायला मिळाले की ज्येष्ठांसमोर बोलण्याचं बळ येतं.

खेळाच्या वेगाबद्दल फार लिहीत नाही. शॉटसाठी ४० सेकंदांची शिफारस आहे. मागे पडलेल्या चौकडीला आधी ताकीद, मग घड्याळ. ताकीद पहिल्या चार होलमध्येच द्या, बारावर दिलेली निरुपयोगी.

पायरी ८ : कार्ड घेताना

टेबल सावलीत ठेवा, बारपासून दूर. खेळाडू आणि मार्कर दोघांना बसवा आणि प्रत्येक होलचा आकडा मोठ्याने वाचून जुळवून घ्या. बेरीज तुमची जबाबदारी, प्रत्येक होलचा आकडा त्यांची.

१९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे व्हिचेन्झोने सतराव्या होलवर ३ केले. मार्कर टॉमी आरोनने ४ लिहिले. दे व्हिचेन्झोने न तपासता सही केली. ६५ चा राउंड ६६ धरला गेला आणि एका शॉटने स्पर्धा बॉब गोल्बीकडे गेली. नियम आजही तोच आहे: होलचा आकडा जास्त लिहिला तर तोच कायम, कमी लिहिला तर बाद. २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथ याच कारणाने जेनेसिस इन्व्हिटेशनलमधून बाद झाला. एका होलवर ४ होते, सही ३ वर झाली. कमी आकडा जर न समजलेल्या पेनल्टीमुळे आला असेल, तर मात्र पेनल्टी मिळवली जाते, बाद करत नाहीत. जाणूनबुजून खोट्या आकड्यावर सही करणारा मार्करही बाद होतो.

सही राहून गेली तर मूळ नियमाने बाद. समितीला आदर्श स्थानिक नियम लावून ही शिक्षा दोन शॉटवर आणता येते. पहिल्यांदाच खेळणारे जास्त असतील तर लावा. आणि कार्ड 'दिलं' म्हणजे नेमकं कधी, टेबल सोडल्यावर की पेटीत टाकल्यावर, तेही लिहून ठेवा.

पायरी ९ : तुमची स्वतःची शिस्त

तुम्ही त्याच स्पर्धेत खेळत असाल, तर तुमच्या चौकडीतला एकही निर्णय तुम्ही देऊ नका. दुसऱ्याला बोलवा, वाट पाहावी लागली तरी. तुमचा भाऊ, बॉस किंवा धंद्यातला भागीदार वादात असेल तरी तेच. क्लबचे अध्यक्ष किंवा प्रायोजकाचा पाहुणा यांना पेनल्टी सांगताना आवाज बदलत असेल, तर सोबत दुसरा समिती सदस्य घेऊन जा. दोघांनी मिळून सांगितलेलं टिकतं.

क्लबचे प्रो आणि कोच यांच्यासाठी वेगळी काळजी. शिष्य स्पर्धेत खेळत असताना दोरीबाहेरून "जरा कमी बॅकस्विंग" म्हणणं हा सल्ला आहे. कॅडीशिवाय इतरांकडे सल्ला मागणं खेळाडूला महागात पडतं. कोचने न विचारता दिला तरी खेळाडूने त्याला थांबवलं पाहिजे. कोचला हे आदल्या दिवशी सांगा. ज्या प्रोच्या अकादमीतली मुलं स्पर्धेत आहेत, त्याला त्या गटाचा रेफरी करू नका.

बक्षिसांचं गणित प्रायोजकाला वेळेत कळवा. २०२२ पासून हौशी खेळाडूला एका स्पर्धेत ७०० पौंडांच्या किंमतीपर्यंतचं बक्षीस घेता येतं. रोख रक्कम फक्त हँडिकॅप न धरलेल्या, म्हणजे ग्रॉस स्पर्धेत. हँडिकॅपच्या स्पर्धेत रोख दिली तर घेणाऱ्याचा हौशी दर्जा धोक्यात येतो, आणि त्याला बहुधा ते माहीतही नसतं. होल-इन-वनला ठेवलेल्या गाडीला ही मर्यादा लागू नाही. ती खुशाल द्या, मात्र तो होल राउंडमध्ये झाला आणि साक्षीदार कोण होते ते लिहून ठेवा.

कुणी बाद झाला तर ते त्याला आधी एकट्याला सांगा, फलकावर नाव लागण्यापूर्वी. कारण आणि नियमाचा क्रमांक लिहून द्या. व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याबद्दल एक शब्द नको, कुणी विचारलं तरी नको. समितीचा निर्णय अंतिम असतो, पण खेळाडूला आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे, तीही बक्षीस समारंभाच्या आधी. म्हणून शेवटचं कार्ड आल्यावर निकाल जाहीर करायला थोडा अवधी ठेवा.

पायरी १० : दुसऱ्या दिवशी

दिवसभरातल्या निर्णयांची वही बनवा: होल, वेळ, काय घडलं, कोणता नियम, कोणी निर्णय दिला. नावं नकोत. अकराव्या होलच्या रस्त्यावर तीन चौकड्यांनी दोन-दोन बॉल खेळले असतील, तर पुढच्या वेळच्या कागदात त्या रस्त्याची ओळ हवी. सहाव्याच्या खुंट्यांवरून वाद झाला असेल तर हेड माळ्याकडे त्याच आठवड्यात जा. सगळ्यांचे स्कोअर हँडिकॅपसाठी नोंदवले गेले का ते पाहा. जिंकलेल्याचाही आणि रागाने कार्ड फाडून गेलेल्याचाही. फाडलेल्या कार्डामागे न पोचलेला स्कोअर असतो आणि पद्धतीला तोही हवा असतो. ही वही, उरलेल्या खुंट्या आणि रंगाचा डबा सचिवांच्या कपाटात ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.